दहाव्या दिवशी राहिलेली पानं

६ एप्रिल
मामा आजही अनवाणीच. उंब्रज स्टँडपासून माझ्या झेरॉक्सच्या दुकानापर्यंत डांबर नुसतं तापलेलं, आणि आमचे सासरे देवाला निघाल्यासारखे शांतपणे चालत येतात. शुगर आहे. डॉक्टरांनी पायाला जपा म्हणून बजावलंय.
आत्याबाई, माझ्या सासूबाई, होळीच्या आधी गेल्या. सुतकात गावात पोथी सांगणाऱ्या तात्यांनी रोज संध्याकाळी घरी येऊन ती पोथी वाचली. (नाव लिहीत नाही. घरात ते नाव काढत नाहीत आणि ही वही घरातच असते.) मेलेल्याला वर्षभर तापल्या वाळूतून चालावं लागतं, सावली नाही, पाणी नाही, असं त्यात ऐकलं आणि मामांनी चपला टाकल्या.
"ती तिकडं भाजतीया आन मी हितं चपला घालून हिंडू व्हय?"
रागही आला, रडूही आलं.

९ एप्रिल
डाव्या अंगठ्याखाली फोड. ह्यांना पुण्याला फोन केला. म्हणे, तू सांग, आण्णा तुझं ऐकतात. माझं! ह्यांना तिकडे बसून बरं सुचतं.

१६ एप्रिल
मलकापूरला कागद आणायला गेले होते. पुस्तकाच्या दुकानात तीच पोथी दिसली, आजच्या मराठीत. दुकानदाराने पिशवीत घालताना विचारलं, "घरात कोण गेलं का?" आत्ता नाही म्हटलं तर बघतच राहिला.
घरी न्यायची सोय नाही. सुतक नसताना ती घरात आली की मागोमाग दुसरं मरण येतं म्हणतात. मी मानत नाही. तरी दुकानातच ठेवली, लॅमिनेशनच्या पाकिटांखाली.

१९ एप्रिल
गिऱ्हाईक नसलं की वाचते. कळतंय सगळं! लहानपणापासून किती सुतकांत बसले, पण लक्षात राहिलं ते फक्त उकळतं तेल.
आता त्याचं कारणही कळलं. तात्या दोन श्लोक वाचणार, मग अर्थ, मग कोणी भेटायला येणार, रडारड, चहा. दहावा दिवस येतो तरी नरक संपलेले नसतात. मग उरलेली पानं भराभर उलटायची, फूल वाहायचं, पोथी बांधायची. आमच्या गावाने शेवट कधी ऐकलेलाच नाही.
आणि शेवटी तर उपासतापास करून देह सुकवणाऱ्यांना चांगलं झापलंय. वारूळ बडवून आतला नाग मरतो का, असं विचारलंय. सापडलं औषध!

२१ एप्रिल
मामांना स्टुलावर बसवून तेच वाचून दाखवलं. मी अगदी जिंकल्याच्या थाटात.
सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "ह्ये मोक्ष मागणाऱ्याला सांगितलंय. म्या मोक्ष मागतोय व्हय गं? म्या तिच्या संगं चालतोय."
तेवढ्यात कोणी आधारकार्ड घेऊन आलं, बरं झालं.

२३ एप्रिल
फोड फुटला. जखम. डॉक्टर माझ्यावरच ओरडले, असंच चाललं तर अंगठा काढावा लागेल. मामा भिंतीवरचं कॅलेंडर बघत बसलेले. आत्याबाई असत्या तर...
मला फार भीती वाटतेय.

२५ एप्रिल
आज स्वतःहून म्हणाले, "त्ये पुस्तक हाय का अजून? पहिल्यापास्नं वाच. शेवट नगं. घरात न्हाई न्हेलंस न्हवं?"
झेरॉक्स मशीन बंद ठेवून वाचलं. मधेच म्हणाले, "आरं, ह्ये तर आपल्यासारखंच बोलतंय."

२९ एप्रिल
रोज थोडं वाचतो. मामा आता पुस्तकाशी वाद घालायला लागलेत. नरकाच्या वर्णनावर, "ह्ये लय वाढवून सांगितलंया. माणसानं भ्यावं म्हणून." तात्यांसमोर हे कधी बोलले नसते. तिथे नुसती मान खाली घालून ऐकायचं.

२ मे
आज यमाच्या नगराचं प्रकरण. दक्षिणेचं दार पाप्यांचं. तो वाळूचा रस्ता तिकडचा. पण बाकीची तीन दारं चांगल्या माणसांची, त्या वाटांवर झाडं, गार पाणी. कोण जातं तिकडून, तर उन्हाळ्यात तहानलेल्याला पाणी देणारे...
"थांब. परत वाच."
परत वाचलं. पुन्हा एकदा वाचायला लावलं.
"माणदेशातनं मेंढरं घिऊन यायची न्हवं माणसं, तुजी सासू त्यास्नी आपल्या हिरीचं पाणी सोडायची. मेंढरं पिऊन हुईस्तवर मोटार बंद करू द्यायची न्हाई. म्या वरडायचो, आपला ऊस वाळतोय म्हणून." पुस्तकावर बोट टेकवून, "मग ती त्या वाळूतनं गेलीच न्हाई?"
"पुस्तक तसं म्हणतंय, मामा. मी काय बघून आले नाही."
"मंजी म्या एकटाच भाजत हुतो." आणि हसले. आत्याबाई गेल्यापासून पहिल्यांदा. मग हसताहसताच रडले. मीही.

३ मे
आज चपला घालतील असं वाटलं होतं. कसलं काय! पण सावली धरून आले.

११ मे
मामा तात्यांशी भांडून आले. ती पानं का वाचली न्हाईत? तात्या म्हणाले, "आण्णा, धाव्या दिवशी लोक उठायच्या घाईत असत्यात, कोण ऐकतंय?" मग आता वाचा, तर म्हणे सुतकाशिवाय पोथी सोडत नाहीत. दोघांची बोलचाल बंद.
जखम सुकतेय. डॉक्टर आज ओरडले नाहीत.

२४ मे
पलीकडच्या आळीत हिराबाईंचे मालक वारले. आज तिसरी संध्याकाळ. मी गेले तर दारातल्या ढिगाऱ्यात मामांच्या चपला! नक्की त्याच, आत्याबाईंनी शिवून घेतलेला अंगठा. किती वेळ तिथेच उभी राहिले.
आत तात्या पोथीतल्या वाळूच्या रस्त्यावर आले होते. हिराबाई पदर तोंडात धरून ऐकत होत्या. मामांनी पिशवीतून पुस्तक काढलं.
"तात्या, जरा दम खावा. म्या ह्यातलं त्या तीन दारांचं पान वाचतो. हिराबाईस्नी धा दिवस थांबवू नगा."
तात्यांनी वर बघितलं. पोथीवरचा हात काढला नाही. कोणी म्हणालं, असं छापील पुस्तक सुतकात चालतं का? कोणी म्हणालं, मराठीच हाय की.
मग हिराबाईंनी तोंडातला पदर काढला. "वाचा की आण्णा."