फुलांचा फ्रिज माझ्या ताब्यात

सोमवार, ३ तारीख
सासूबाई आजारी, म्हणून बायको माहेरी. तिचं फुलांचं दुकान शनिवारपर्यंत माझ्याकडे. शनिवारी हॉटेलच्या हॉलसाठी गुलाब आणि कार्नेशन द्यायचेत. माल फ्रिजमध्ये तयार आहे. हे नीट पार पडलं तर दर शनिवारची ऑर्डर आपली. जाताना तिने तीनदा बजावलं: पाणी रोज बदला, देठ तिरके कापा, फ्रिजमध्ये फुलांशिवाय काही ठेवू नका. ऑफिसात अख्खा विभाग सांभाळलाय मी. फुलं तर उलट बोलतही नाहीत.

मंगळवार, ४
फ्रिज निम्मा रिकामा, वीजबिल मात्र पूर्ण. सफरचंदं स्वस्त मिळाली. दोन पेट्या आत ठेवल्या. पाणी बदललं नाही. स्वच्छच दिसत होतं.

बुधवार, ५. संध्याकाळ
कार्नेशन मिटल्यासारखी दिसतात. विश्रांती घेत असावीत. बायकोचा फोन आला. सगळं टवटवीत आहे म्हटलं. फ्रिजमध्ये आणखी काही नाही ना, असं तिने विचारलं. मी सासूबाईंच्या तब्येतीची चौकशी केली.

गुरुवार, ६
गुलाबाच्या पाकळ्या गळताहेत. लेकीला फोन केला. ती म्हणाली, बाबा, सफरचंदातून वायू निघतो, त्याने फुलं लवकर कोमेजतात. म्हटलं, फ्रिजचं दार घट्ट बंद आहे, वायू आत शिरेलच कसा? तिने फोन ठेवला. पटलं असावं. तरी उद्या पेट्या बाहेर काढीन. आज कंबर धरली आहे.

शुक्रवार, ७. सकाळ
पेट्यांचं नंतर बघू. थंडीचं बटण शेवटपर्यंत फिरवलं. आता बिशाद नाही कोमेजायची.

संध्याकाळ
फुलं काचेसारखी कडक. बाहेर काढली, तर थोड्या वेळात उकडलेल्या पालेभाजीसारखी लोळागोळा. आगीतून फुफाट्यात. बाजारात धावलो, बाजार उठला होता. आता मात्र मला भीती वाटते आहे.

शनिवार, ८
बायको सकाळीच आली. फ्रिज उघडला, बंद केला. हॉटेलच्या मॅनेजरला फोन करून म्हणाली, चूक आमची आहे, आज समोरच्या दुकानातून घ्या. ते म्हणाले, आता दर शनिवारी तिथूनच घेऊ.

रागावलीस का, मी विचारलं. नाही म्हणाली. या ऑर्डरसाठी वर्षभर खेटे घातले होते, एवढंच बोलली आणि स्टुलावर बसली. मी कोपऱ्यातल्या बादल्या घेतल्या आणि एकेक घासून धुतली.

सगळ्या धुऊन झाल्यावर तिने सांगितलं, त्या धुतलेल्याच होत्या.