फिनबाररावांचा प्रचार

३ जानेवारी, शनिवार

आले एकदाचे! दुबईच्या एअरपोर्टवर उभी राहून राहून माझे पाय मोडले. सगळं विमान रिकामं झालं, आमचे व्याही काही दिसेनात. मग दिसले. ट्रॉल्या गोळा करणाऱ्या माणसाचा हात धरून गप्पा मारत होते. तिथून टॅक्सीच्या रांगेतल्या दोन अनोळखी बायकांशी हात मिळवला, मग टॅक्सीवाल्याशी. मी विहीण, माझा नंबर शेवटी!

आमचे हे म्हणाले, "किती मनमिळाऊ आहेत." मनमिळाऊ कसले! माझे चुलते वाळव्याला पंचायत समितीवर होते. मला ही चाल ओळखू येते. आधी हात येतो, मागून माणूस येतो.

फिनबारराव म्हणजे पर्णिकाचे सासरे. आयर्लंडात खेड्यात राहतात. तिथं आपल्या झेडपीसारखं काहीतरी आहे, त्यात मेंबर. अपक्ष. बायको गेली दोन वर्षांमागं. जावयाचा, ओवेनचा फ्लॅट जुमेरा लेक टॉवर्समध्ये, एका बेडरूमचा. म्हणून मुक्काम आमच्याकडं अल मनखूलला, पर्णिकाच्या जुन्या खोलीत. तीन आठवडे! म्हणजे तीन आठवडे माझा गाऊन बंद. उठल्यापासून साडी!

४ जानेवारी

सकाळी बघते तर खोली रिकामी. धावत खाली गेले. झुबेरभाईच्या ग्रोसरीत खोक्यावर बसून चहा पीत होते. दहा वर्षं मी त्या दुकानातून दूध आणते. झुबेरभाईला तीन मुली आहेत आणि मधली नर्सिंगला गेली, हे मला आज ह्या गोऱ्याकडून कळलं.

मला "उर्मिला" म्हणतात! व्याह्यानं नावानं हाक मारायची? म्हटलं, विहीणबाई म्हणा. दुपारपर्यंत "विनीबाय" इथवर आले. असू दे.

६ जानेवारी

आज कळलं कशाला आलेत ते. आराम नाही न् काही नाही!

पर्णिका माझ्या पोळीभाजीच्या दुकानात आली होती, पोळ्या न्यायला. मी बोलतं केलं. डॉक्टरांनी फिनबाररावांना सांगितलंय, धावपळ बंद करा, हृदय थकलंय. त्यांना मेंबरकी सोडायचीय. आणि तिथं म्हणे अपक्ष माणूस मधेच उतरला तर आपल्या जागी कोण बसणार ते सांगून जातो. सोपं आहे! जागा द्यायला पोराला शोधत आलेत.

"म्हणजे ओवेन तिकडं जाणार?"

"आई, चिल! त्यांनी अजून विचारलं पण नाही."

चिल काय चिल! ओवेन गेला की ही जाणार. एकुलती एक. ह्याच गल्लीत वाढली. अजून दर शनिवारी येऊन माझ्या तव्यावरची पहिली पोळी उभ्यानं खाते. तिकडं गेली की वर्षातून एकदा तोंड बघायचं, तेही व्हिसा मिळाला तर. मागच्या वेळी मला मिळाला नव्हता.

ह्यांना सांगितलं तर म्हणतात, "पोरांचं आयुष्य आहे, पोरं बघतील." ह्या माणसाला एसीचा गॅस संपलेला कळतो, बाकी काही कळत नाही.

७ जानेवारी

ठरलं. बापलेकाला एकटं सोडायचं नाही.

९ जानेवारी, शुक्रवार

दोनदा डाव मोडला. संध्याकाळी ओवेन आला. फिनबारराव खुर्ची पुढं ओढून म्हणाले, "ओवेन, सन..." मी मधे पुरणपोळी घातली. वर तूप. तोंड भरलं. थोड्या वेळानं परत "लिसन, ओवेन..." मी कटाची आमटी सांडली. त्यांच्याच पँटवर. थोडीशीच! गरम नव्हती.

दिवसा त्यांना ह्यांच्याबरोबर इन्व्हेस्टमेंट्स पार्कला धाडलं होतं, ह्यांचं एसीचं वर्कशॉप बघायला. म्हटलं पत्रे आणि पाइप बघून कंटाळतील. कुठलं काय! दुपारी कामगारांत बसून डाळभात खाल्ला. सगळ्यांची नावं, गावं पाठ. परत आले ते तापूनच. बसस्टॉपला सावली नाही म्हणे, माणसं उन्हात उभी राहतात, मी पत्र लिहितो.

"अहो, इथं तुम्हाला कोण विचारतं? तुमचं मत नाही, त्यांचं मत नाही!"

"इट्स ओन्ली अ लेटर, विनीबाय."

तिकडंही असंच सुरू झालं म्हणे. बाप चार गाईंचा धनी. फिनबारराव चौदाव्या वर्षी शाळा सोडून दूध गोळा करायच्या गाडीवर लागले. घरोघरी दूध घ्यायचं, की माणसं सांगणार, पूल खचलाय, पेन्शन अडकलंय. ह्यांनी पत्रं लिहायला घेतली. पूल झाला तेव्हा लोकांनीच ह्यांना निवडणुकीला उभं केलं. पक्षानं तिकीट नाही दिलं तर "बरंच झालं, आता मला गप्प कोण बसवणार" म्हणाले!

हे ऐकताना मी हसले. मग आठवलं, हा शत्रू आहे.

११ जानेवारी

माझ्या मैत्रिणीच्या, मनोरमाच्या सासूबाई साताऱ्याला वारल्या. तिला जाता आलं नाही. मी भेटायला निघाले तर फिनबारराव काळा टाय बांधून दारात तयार! सुटकेसमध्ये काळा टाय घेऊन फिरतो हा माणूस. दुबईत सुट्टीला येताना!

म्हटलं, तुम्ही तिला ओळखत नाही. म्हणाले, मयताला जायला ओळख कशाला लागते?

तिकडं दिवसाला तीन तीन मयतं केलीयत. खांदा दिलाय. एकदा चुकीच्या मयताला गेले, घरच्यांना ते कळू दिलं नाही, पुढच्या निवडणुकीत त्या घराची सगळी मतं ह्यांना!

मनोरमाकडं आम्ही बायका नेहमीचंच बोललो. वय झालं होतं, सुटल्या, वगैरे. ती नुसती मान हलवत होती. फिनबाररावांनी तिचा हात दोन्ही हातांत धरला, तिच्या त्रासाबद्दल वाईट वाटतं म्हणाले, आणि विचारलं, सासूबाई कशा होत्या? स्वयंपाक कसा करायच्या? मनोरमा बोलायला लागली. खर्डा, भाकरी, जाच, लाड, सगळं. बोलता बोलता जी रडली! चार दिवसांत पहिल्यांदा रडली, असं तिच्या नवऱ्यानं सांगितलं.

घरी निघालो. लिफ्टमध्ये त्यांनीच विचारलं, "विल देअर बी सँडविचेस?" म्हटलं, आमच्यात मयताला सँडविच नसतात! तिकडं मयतानंतर सगळ्यांना सँडविच देतात म्हणे. फार हळहळले.

१४ जानेवारी, संक्रांत

तिळगूळ वाटायला फिनबारराव पर्णिकाबरोबर गेले होते. दोघं संध्याकाळभर गायब. पूर्ण बिल्डिंग केली, मग शेजारची. ज्या मजल्यावर मराठी माणूस नाही तिथंही वाटला. पाकिस्तानी, फिलिपिनो, चौथ्या मजल्यावरचा इजिप्तवाला, त्यानं तर "हबीबी" म्हणून मिठी मारली. माझा डबा रिकामा! मनोरमाला द्यायला शिल्लक नाही.

वर मलाच सांगतात, असला प्रचार जगात पाहिला नाही. लाडू द्यायचा आणि वर समोरच्यानं आपल्याशी गोडच बोलायचं. आम्ही सत्तावीस वर्षं पावसात पत्रकं वाटली, कुत्री चावून घेतली!

मग एकदा पडले त्याची गोष्ट सांगितली. मोजणी दोन दिवस चालली, अगदी थोडक्यात गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी लोक नेहमीसारखे गाऱ्हाणी घेऊन दारात. सांगितलं, अरे मी पडलो. तर म्हणे माहीत आहे, आम्हीच मत दिलं नाही, पण पेन्शनचं बघा. आणि ह्यांनी बघितलं!

बिनकामाचा माणूस असता तर हाकलायला सोपं होतं.

१५ जानेवारी

आज मी नामी डाव टाकला.

दुपारी मेथी निवडत बसले होते. फिनबारराव मदतीला आले. पानं टाकून देठं ठेवत होते, ते जाऊ दे. दोघंच होतो. म्हटलं आता वेळ आहे, ह्यांच्या मनातून पोराला उतरवायचं. माझं इंग्रजी दुकानातलं, पण लागतं तेवढं येतं.

"युवर सन गुड बॉय. बट पीपल कम, ही गो बाथरूम."

खोटं नाही. चार पाहुणे आले की ओवेन बाथरूममध्ये फोन घेऊन बसतो. हे मोठ्यानं हसले. मी सोडलं नाही. त्याला नावं लक्षात राहत नाहीत. भांडता येत नाही. वेटरनं चुकीचं आणलं तरी गपचूप खातो. असला माणूस कसला मेंबर होणार?

मग विहिणीला जे करावंच लागतं ते केलं. जावयाला खाली आणलं तर पोरीला वर नको चढवायला? सांगितलं, माझी पर्णिका बघा. माझ्या दुकानाचं लायसन अडकलं तेव्हा ऑफिसात जाऊन बसली, शिक्का पडेपर्यंत उठली नाही. साहेबानंच शेवटी चहा मागवला! चार भाषा बोलते. बिल्डिंगच्या पार्किंगवरून मालकाशी भांडली, जिंकली, आणि त्याच मालकाच्या पोरीच्या लग्नात नाचली. कुणाची आई आजारी, कुणाचं पोर नापास, सगळं तिला ठाऊक. तिला बघा, म्हणजे तुमच्या पोरात काय कमी आहे ते कळेल.

"इज दॅट सो?" म्हणाले.

"यस. दॅट सो!"

अजून सांगा म्हणाले. मी काय, सांगितलं. मेथीच्या चार जुड्या संपल्या. शेवटी तोंड अगदी विचारात पडलं होतं त्यांचं. बसला घाव!

१७ जानेवारी, शनिवार

ओवेनकडं जेवायला. चौघं जण आणि ओवेन. विसाव्या मजल्यावरून खाली तळं दिसतं, लाइट दिसतात. फिनबाररावांनी मला आमटी वाढायची संधीच दिली नाही. बसल्या बसल्या विचारून टाकलं. माझ्या जागी येशील का.

ओवेन कधी इतकं बोललेला मी ऐकला नव्हता. इंग्रजी भरभर होतं, पर्णिकानं हळू आवाजात मला सांगितलं. तो म्हणाला, डॅड, माझ्या एका वाढदिवसाला तरी आपलं स्वयंपाकघर मोकळं होतं का? केक कापताना शेजारी गटाराची तक्रार घेऊन कुणीतरी बसलेलंच. मी जन्मलो तेव्हा तुम्ही कुणाच्या तरी मयताला होतात. आईनं शेवटच्या महिन्यात फोनची वायर काढून ठेवली, तर लोक खिडकीवर टकटक करायला लागले. मी नाही येणार.

फिनबाररावांनी काटा खाली ठेवला.  मग म्हणाले, "यू'र राइट, सन." एवढंच. हात पुढं केला. पोरानं तो हात धरला नाही, गळ्यात पडला.

आमच्या ह्यांनी डोळे पुसले. मलाही वाईट वाटलं. खोटं कशाला बोलू? पण भात मी दोनदा वाढून घेतला.

१८ जानेवारी

जिंकले! श्रीखंड केलं.

२४ जानेवारी

गेले. एअरपोर्टला सोडायला झुबेरभाई पण आला, दुकान बंद करून! मनोरमानं खर्डा करून दिला, त्याची बरणी बॅगेत फुटू नये म्हणून काळ्या टायमध्ये गुंडाळली.

पर्णिका आणि ते बराच वेळ बाजूला उभं राहून बोलत होते. मग मला नमस्कार केला, हात जोडून, नीट. "विहीणबाई" हे अगदी स्वच्छ म्हणाले. आणि हसले. हसत हसत आत गेले.

हरलेला माणूस असा हसतो? चुलते पडले होते तेव्हा आठवडाभर घराबाहेर आले नव्हते. गोऱ्यांचं वेगळं असेल.

उद्यापासून गाऊन.

२८ जानेवारी

पर्णिका आली. एकटी. मधल्या वारी सणाशिवाय घरी येत नाही. चपला न काढताच म्हणाली, "आई, फिनबारनी मला विचारलं. त्यांच्या जागेसाठी. मी हो म्हटलंय." तिथं राहणाऱ्या कुणालाही मेंबर होता येतं म्हणे. उन्हाळ्यात निघणार. ओवेनपण तयार झालाय. तो घर सांभाळेल, लोकांचे फोन तेवढे घेणार नाही म्हणे.

मी विचारलं, तुलाच कसं विचारलं त्यांनी?

"म्हणाले, तुझ्या आईनं मेथी निवडता निवडता नाव सुचवलं."

मी उठून स्वयंपाकघरात गेले.

"आई, थांब ना. रागावलीस?"

पाणी प्याले. आणखी एक ग्लास प्याले. म्हटलं, ते नंतर. आधी सांग, पुढच्या निवडणुकीला तुझ्या विरोधात कोण आहे?