लाल गाडीचा चार्ज

मी, गुणवंत महादेवराव पिंपळशेंडे, वय वर्षे अडुसष्ट, ऊर्जानगरच्या वीज केंद्रातून निवृत्त झालेला बॉयलर ऑपरेटर, राहणार तुकूम, चंद्रपूर, हे मृत्युपत्र माझ्या हाताने आणि माझ्याच पेनाने लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. तसा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. माझ्या पत्नीला तो दाखला मान्य नाही, पण त्यावर तिची सही लागत नाही. मी कोणतीही नशा केलेली नाही. माझ्यावर कोणाचा दबाव नाही, म्हणजे या कागदापुरता नाही. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही. केले होते असे म्हणत कोणी कागद घेऊन आला तर तो खोटा समजावा, आणणारा माझा मेहुणा असेल तर नक्कीच.

माझ्या पश्चात पत्नी सौ. शकुबाई, पुण्यात नोकरी करणारा मुलगा प्रणित आणि सून दिव्यानी हे असतील. या मृत्युपत्राची अंमलबजावणी दिव्यानीने करावी. घरात कागद शेवटपर्यंत वाचणारी ती एकटीच आहे.

माझी तब्येत डोळे सोडले तर ठणठणीत आहे. काचबिंदूने दोन्ही बाजूंची नजर गेली. समोरचे स्वच्छ दिसते, कडेचे दिसत नाही. दिवाळीच्या सुमारास मी गाडी बाहेर काढताना फाटकाच्या खांबाला घासली. तो खांब मी स्वतः उभा राहून बांधून घेतला होता, पण त्या दिवशी तो मला दिसलाच नाही. डॉक्टरांनी गाडी चालवायची नाही असे सांगितले आणि तेव्हापासून गाडी उभी आहे. खरे सांगायचे तर घरासाठी आणि शेतासाठी मला मृत्युपत्राची घाई नव्हती. गाडीसाठी होती.

कलम १. तुकूम येथील घर शकुबाईच्या हयातीत तिचे राहील, नंतर प्रणितचे. पोर्च मी गाडीच्या मापाने बांधला आहे. तिथे पापड, कुरडया आणि मिरच्या वाळवण्याचा शकुबाईचा हक्क अबाधित राहील, तो तिने तसाही कोणाला विचारून घेतलेला नाही.

कलम २. मूल तालुक्यातील धानाची शेती प्रणितला. बँकेत जे काही आहे ते शकुबाईला. प्रणितने यावर तक्रार करू नये, कारण तो करणार नाही हे मला माहीत आहे. पोरगा चांगला आहे. फक्त गाड्यांच्या बाबतीत त्याची नि माझी कुंडली जुळत नाही. गाडी भंगारात दे, नव्या गाडीवर सूट मिळते, असे तो मला दर रविवारी फोनवर सांगतो. माणूस म्हातारा झाला की त्याच्यावर कुठे सूट मिळते, असे मी त्याला एकदा विचारले. त्यानंतर तो दोन रविवार जपून बोलला.

कलम ३. माझा मेहुणा श्रीहरी, भद्रावतीत किराणा दुकान चालवतो, त्याला मी गाडीचा जुना रेडिएटर देत आहे. कारण लिहून ठेवणे आवश्यक आहे. लग्नासाठी म्हणून त्याने माझी गाडी नेली. वाटेत इंजिन तापून काटा चढला तेव्हा त्याने शेजारच्या वावरातले बोअरचे पाणी रेडिएटरमध्ये ओतले, एकदा नाही, तर येता-जाता. ज्या माणसाने सारी नोकरी बॉयलरच्या नळीत क्षार बसू नये म्हणून घालवली, त्याच्या गाडीत आपल्या जिल्ह्यातले बोअरचे पाणी. वर मला म्हणाला की पाणी ते पाणी. आतून खडूसारखा भरलेला तो रेडिएटर मी जपून ठेवला आहे. श्रीहरीने तो दुकानात गल्ल्याच्या वर टांगावा, म्हणजे माझा राग संपला असे समजावे.

कलम ४. माझी लाल रंगाची चारचाकी, सन २०१० ची, पेट्रोल, सोळाशे सीसीचे इंजिन, मागे पंख, बुडाला बुटकी, अलॉय व्हील. कंपनीचे नाव लिहीत नाही, कारण कंपनीने हे मॉडेल केव्हाच बंद केले आणि मला विचारले नाही. मला पांढरी सेदान घ्यायची होती. शोरूममध्ये शकुबाई लाल गाडीत जाऊन बसली आणि उतरायला तयार होईना. पन्नाशी ओलांडलेल्या माणसाने पोरासोरांची गाडी घेतली म्हणून कॉलनीत चर्चा झाली. एकदा बल्लारपूरच्या रस्त्यावर तिचा दुसरा गिअर ओढून पाहिला आणि मी चर्चेकडे लक्ष देणे सोडले.

ही गाडी माझ्या मृत्यूनंतर कुमारी रंजीता झिंगू मडावी हिला मिळावी. तोपर्यंत गाडी पोर्चमध्ये माझ्या ताब्यात राहील. कोणी चालवणार नाही. रंजीताने आठवड्यातून एकदा येऊन ती चालू करावी व बंद करावी.

रंजीता कोण, हे लिहितो. गाडी नवी असताना चैत्रात आम्ही दोघे हेमलकसा पाहून परतत होतो. आलापल्लीच्या अलीकडे गाडीचे पोट दगडाला लागले आणि ऑइल चेंबर फुटले. जवळच्या गावातल्या झिंगू मडावीने बैल लावून गाडी आपल्या घरापर्यंत ओढली. मी ती मोहाच्या झाडाखाली लावायला सांगितली. आमच्याकडे वीज केंद्राची राख आणि ऊन यांपासून रंग वाचवायला गाडी नेहमी झाडाखालीच लावतात. झिंगूची बायको बुधरी दोनदा सांगून गेली की तिथून हलवा. मी म्हटले, सावली चांगली आहे. पहाटे उठून पाहतो तर गाडीवर मोहफुलांचा थर, आणि बोनेटवर अस्वल बसून ती वेचत होते. जेवण झाल्यावर ते आरामात उतरून गेले. झिंगू म्हणाला, "भाऊ, तुमची गाडी पसंत पडली त्याले." बोनेटवर बसकणीएवढा पोचा राहिला. तो कोणीही ठोकून काढू नये. काचेखालच्या जाळीत अडकलेली फुले पावसाळ्यापर्यंत आंबून गाडीला जो वास आला त्याबद्दल शकुबाईने माहेरी खुलासे दिले आहेत.

झिंगूची मुलगी तेव्हा बारावीची परीक्षा देऊन घरी होती. मी चेंबर खोलायला गाडीखाली शिरलो तर ती दुसऱ्या बाजूने शिरली आणि तेल कुठून कुठे जाते ते विचारू लागली. मी तिला चंद्रपूरला डिप्लोमा कर म्हटले. तिने केला, आमच्याच घरी राहून. गाडी चालवायला ती या गाडीवर शिकली. मग स्वतःच्या हिमतीवर वीज केंद्रात लागली, आणि माझ्या नोकरीच्या शेवटच्या पाळीत माझ्याकडून चार्ज घ्यायला तीच आली होती.

गाडीच्या देखभालीबद्दल: टायमिंग बेल्ट तुटण्याची वाट पाहू नये, पुस्तकात लिहिले आहे त्याच्या आधीच बदलावा. आपल्याकडच्या धुळीत एअर फिल्टर पुस्तकाच्या हिशेबाने चालत नाही. सत्तेचाळीस अंशांच्या उन्हात रबराचे पाइप चिरतात, ते दर उन्हाळ्याआधी दाबून पाहावे. पुढच्या डाव्या चाकाच्या लोअर आर्मचा बुश खड्ड्यात बोलतो, म्हणजे कटकट वाजतो. हे त्याचे नेहमीचे आहे, उजवा बोलला तर काळजी करावी. क्लच हलका होता, आता जड आहे, माणसाचेही गुडघे तसेच होतात. नोंदणीची पंधरा वर्षे संपली तेव्हा गाडी तपासणारा साहेब इंजिन ऐकून बोनेट बंद करायला विसरला. पुढच्या पाच वर्षांचा शिक्का त्याने लगेच दिला. अंतर दोन लाख किलोमीटरच्या पुढे आहे आणि इंजिन अजून एकदाही उघडलेले नाही. तेल वेळेवर, पाणी शुद्ध, आणि श्रीहरी लांब, एवढेच त्याचे गुपित.

वरील कलम ४ मधील "ही गाडी माझ्या मृत्यूनंतर" पासून "बंद करावी" पर्यंतचा मजकूर मी आज एका रेघेने खोडला आहे आणि बाजूला सही केली आहे. पाळीच्या नोंदवहीत आम्ही खाडाखोड करत नसू. चुकले ते वाचता आले पाहिजे, म्हणून एकच रेघ. खोडण्याचे कारण पुढे देत आहे.

जानेवारीत हे सर्व लिहून झाल्यावर मी शकुबाईला वाचून दाखवले. ती तूर निवडत बसली होती. घर, शेत, बँक यांवर तिने मान हलवली. रेडिएटरवर ती हसली, भाऊ तिचा असूनही. कलम ४ ऐकल्यावर तिने सूप खाली ठेवले.

"अवो, मंग तुमी मराची वाट पाहत ते गाडी उभी राहीन काय? तुमच्या घराण्यात तं सारेच नव्वदीपर्यंत जगते."

मी म्हटले की रंजीता आठवड्याला येऊन चालू करेल.

"चालू करून बंद कराले ते काय रेडिओ हाय? तुमाले गाडी द्याचीच नाई. चाबी सोडवत नाई तुमच्यानं."

मला राग आला. मी दोन दिवस तिच्याशी बोललो नाही, तिला त्याचा काही त्रास झालेला दिसला नाही. तिसऱ्या दिवशी तिला खोटे पाडावे म्हणून मी पोर्चमध्ये जाऊन चावी फिरवली. गाडीने टक् केले आणि गप्प झाली. बॅटरी उतरली होती. ढकलून पाहिली तर मागचे ब्रेक धरलेले. बोनेट उघडले तर उंदराने इंजिनावर घरटे केले होते, शकुबाईच्याच जुन्या लुगड्याच्या चिंध्यांचे, आणि एक वायर कुरतडलेली. दोन लाख किलोमीटर जिला काही झाले नाही, तिला मी तीन महिन्यांत सावलीत उभी ठेवून आजारी पाडले होते. मला फार वाईट वाटले. शकुबाईचे बरोबर होते, आणि ते तिला सांगावे लागले हे वेगळे.

मी रंजीताला फोन करून म्हटले, गाडी घेऊन जा, टोचन लावून ने. ती पहिली पाळी संपवून तशीच आली, बोनेटमध्ये डोके घालून पाहिले आणि नाही म्हणाली.

"काका, बंद मशीनचा चार्ज मी घेत नाई. तुमीच शिकवलं ना. आधी दोघं मिळून चालू करू, मंग द्या."

ज्याला ठाऊक नाही त्याच्यासाठी लिहितो. वीज केंद्रात यंत्र चालू असतानाच पाळी बदलते. येणारा माणूस यंत्राजवळ उभा राहतो, हात लावतो, ऐकतो, जाणारा त्याला खोडी सांगतो. मग येणारा म्हणतो, चार्ज घेतला. जाणारा म्हणतो, चार्ज दिला. त्यानंतर जाणाऱ्याने कोणत्याही बटणाला हात लावायचा नाही, समोर काहीही चुकत असले तरी. माझ्या शेवटच्या पाळीला रंजीता बॉयलरला पाणी देणाऱ्या फीड पंपाजवळ इतका वेळ ऐकत उभी राहिली की माझी बस निघून गेली होती. मला त्या दिवशी घरी चालत जायला बरे वाटले.

तर आम्ही दोघांनी मिळून गाडी दुरुस्त केली. तिच्या सुटीच्या दिवशी ती यायची. मला कडेचे दिसत नसल्याने खाली ठेवलेला पाना सापडायचा नाही, तो ती न बोलता माझ्या समोर सरकवायची. बॅटरी नवी, वायर जोडली, ब्रेक खोलून साफ केले, तेल बदलले. प्रणितला कळले तेव्हा तो आधी वैतागला. मग त्यानेच पुण्याहून मागच्या ब्रेकचे पॅड शोधून पाठवले, आपल्याकडे ते मिळत नव्हते. भंगाराचा विषय त्याने त्यानंतर काढलेला नाही.

आज सकाळी गाडी पहिल्या चावीला चालू झाली. रंजीता बोनेटवर, अस्वलाच्या पोच्यात, हात ठेवून उभी राहिली. मी तिला खोडी सांगितल्या. डावा बुश, जड क्लच, पावसात धुरकटणारी मागची काच. तिने सगळे ऐकले, तिला सगळे माहीत असूनही. मग म्हणाली, "चार्ज घेतला, काका."

पुढचे दोन शब्द माझे होते. इंजिन चालू होते. शकुबाई ओसरीवरून पाहत होती. गाडी गेली की मग मी कुठे जाणारा माणूस उरत नाही, असे मला वाटत होते, ते मी इथे लिहून ठेवतो. मग मी चार्ज दिला म्हटले आणि चावी तिच्या हातात ठेवली.

कलम ५. सबब लाल गाडी आजपासून रंजीता मडावी हिची आहे. नाव बदलण्याच्या कागदांवर मी सही केली आहे. माझ्या मृत्यूशी या गाडीचा आता काही संबंध राहिलेला नाही. हत्यारांची पेटी गाडीसोबत गेली. या मृत्युपत्रातील मिळकतीत चारचाकी वाहन: निरंक.

कलम ६. मी गेल्यावर मला न्यायला गाडी लागेल. ती रंजीताची नसावी. तिची गाडी त्या दिवशीही तिच्या पाळीला वेळेवर गेली पाहिजे.

हे सर्व मी वाचून पाहिले, ते माझ्या इच्छेप्रमाणे आहे. रंजीता आम्हा दोघांना झिंगूकडे जेवायला घेऊन निघाली आहे, म्हणून सही निघताना करत आहे. साक्षीदार खिडकीशी उभे आहेत. त्यांच्यासमोर मी सही केली आणि माझ्यासमोर त्यांनी. सही करण्याआधी माझा हात सवयीने एसीच्या बटणाकडे गेला होता, तो मी मागे घेतला.

सही: गुणवंत महादेवराव पिंपळशेंडे

साक्षीदार:
१. अश्विन खनके, शेजारी, तुकूम
२. सौ. पुनम उराडे, समोरचे घर, तुकूम

दिनांक: १५ फेब्रुवारी २०२६
स्थळ: तुकूम, चंद्रपूर. लाल गाडी, डावीकडची सीट.