काच क्रमांक सतरावरचे बोट

दिनांक : १६ फेब्रुवारी २००९

प्रति,
मा. भांडार अधिकारी साहेब,
सौरकाच संशोधन केंद्र, जालना

अर्जदार : सांडू कडूबा बकाल, रा. हसनाबाद, ता. भोकरदन, जि. जालना

विषय : काच क्र. १७ येत्या शुक्रवारी न फोडण्याबाबत (तिसरा अर्ज).
संदर्भ : आपले पत्र, दि. २ फेब्रुवारी २००९.

महोदय,

१. अर्जदाराची पत्नी आसराबाई आपल्या केंद्रात काचा धुण्याच्या कामावर चार वर्षे रोजंदारीने होती. रविवार, दि. ९ नोव्हेंबर २००८ रोजी गावी कापूस वेचताना तिला साप चावला. दवाखान्यात नेईपर्यंत ती वारली.

२. केंद्रात काचेवर सिलिकॉनचा पातळ थर देतात. ती काच आम्लात बुडवली की थर कोरला जाऊन केसापेक्षा कितीतरी बारीक तारा उभ्या राहतात, दाट पेरलेल्या ज्वारीसारख्या. त्यांना नॅनोतारा म्हणतात. मग काच काळी होते, ऊन परत फेकत नाही, आणि त्या उन्हाची वीज करता येते. हे सगळे अर्जदाराला आसराबाईनेच सांगितलेले आहे.

३. गेल्या खंडेनवमीला केंद्रात अवजारांची पूजा झाली. आसराबाईने तेलात कालवलेले कुंकू सगळ्या यंत्रांना लावले, आणि आम्लात जायच्या एका काचेलाही बोट लावले. सुटीनंतर काच धुतली तेव्हा कुंकू गेले, तेल राहिले. आम्लात काच सगळी काळी झाली, बोटाच्या जागी मात्र तारा उगवल्या नाहीत. प्रकल्प प्रमुख इंद्रायणी मॅडम रागावल्या, तेव्हा ती म्हणाली, “सगळ्यांला लावलं मॅडम, मंग हिलाच उपाशी कशी ठेवू?” मॅडमना हसू आले. काच ‘सदोष’ म्हणून नोंदवहीत चढली.

४. ती वारल्यावर अर्जदार तिचा जेवणाचा डबा न्यायला आला, तेव्हा मॅडमनी ती काच दाखवली. उजेडाकडे धरली की बोटाची एकेक रेघ दिसते, आणि रेघांवरून आडवा गेलेला विळ्याचा व्रण. घरात तिचा फोटो आहे, पण त्यात हात पदराखाली आहेत. मॅडम काच देत होत्या, परंतु नोंदवहीतली वस्तू आपल्या सहीशिवाय बाहेर जात नाही, म्हणून पहिला अर्ज केला.

५. त्यावर उत्तर आले, सदोष वस्तू कोणालाही देता येत नाही. दुसऱ्या अर्जावर उत्तर आले, बोट मयताचेच असल्याचा पुरावा म्हणून तिच्या अंगठ्याचा कागद आणावा. साहेब, काचेवर अंगठा नाही, करंगळीजवळचे बोट आहे. कुंकू त्याच बोटाने लावतात. तरी अर्जदार अंगठा शोधत फिरला. रेशन दुकानाची जुनी वही वाळवीने खाल्ली. हजेरीपटावर सही, मतदानाला सही. बँकेतही सहीच. तिथे कारकुनाने शाईची डबी पुढे केली तेव्हा ती म्हणाली होती, “ती तुमच्याच बोटाला लावा भाऊ, मी सही करून राह्यले.”

६. यात चूक अर्जदाराची आहे. लग्नानंतर अर्जदारानेच तिचे बोट धरून चुलीच्या राखेत तिला नाव गिरवायला शिकवले. शिकवले नसते तर आज कागद निघाला असता. राख तर रोज सकाळी ती स्वतःच झाडून टाकायची.

७. शुक्रवार, दि. २० रोजी सदोष काचा फोडून पुरणार, असे फलकावर लागले आहे. अर्जदार तीन दिवसांपासून फाटकाबाहेर बसून आहे. चौकीदार भुजंग पाणी देतो, त्याबद्दल त्याला बोलू नये.

८. काच सरकारची आहे, हे अर्जदारास मान्य आहे. म्हणून अर्जदार जालन्यातील काचवाल्याला विचारून आला. हिऱ्याच्या कलमाने तो बोटाएवढाच तुकडा कापून देतो. काळा भाग सगळ्या तारांसह केंद्राने ठेवावा किंवा फोडावा. जिथे काहीच उगवले नाही, म्हणून काच सदोष ठरली, तेवढीच जागा अर्जदाराला द्यावी.

फाटकाबाहेर थांबलेला, आपला नम्र,
सांडू कडूबा बकाल

सोबत :
मृत्यूचा दाखला.
हजेरीपटाची प्रत, तिच्या सहीची.
काचवाल्याची चिठ्ठी.
तुकडा गुंडाळायला एक धुतलेला रुमाल.