डाळिंबावरचा भंडारा

१४ ऑगस्ट २०२५

गेला! कंटेनर गेला! आमच्या कोरेगाव भीमाच्या एवढ्याशा युनिटमधून थेट रॉटरडॅमला. डाळिंबाचे दाणे — गोठवून, त्यातलं पाणी ओढून घेऊन कुरकुरीत वाळवलेले. आबांना अजून पटत नाही. "बर्फाचं पानी न होता वाफ हुतीच कशी? सांग की रुपे!" दहादा सांगितलं. अकराव्यांदा विचारतात.

सकाळी आबा न्हावऱ्याहून पहिल्या एसटीनं आले. हातात भंडाऱ्याची पिशवी! चाळीस मेंढरं विकून माझं पहिलं मशीन घेतलं या बापानं, त्यांना नाही कसं म्हणायचं? पण पॅकिंगच्या दारावर माझीच पाटी आहे — टोपी घाला, हात धुवा, टिकली-कुंकू-बांगड्या बंद. म्हटलं, आबा, काय करायचं ते दाराबाहेर. "बरं बाई." दारातच पाया पडले त्यांच्या. "बिरोबाच्या नावानं चांगभलं!" एवढ्या जोरात की वॉचमन धावत आला.

तेवढ्यात आत अनिता ओरडली — आमची क्वालिटीवाली — "मॅडम, शेवटच्या खोक्यातल्या पाकिटाचं सील धरत नाही!" धावले. पाकीट फोडून दाणे दुसऱ्यात ओतले. घामाघूम झाले पण ट्रक वेळेत सुटला.

१५ ऑगस्ट

झेंडावंदन करून आले आणि जोखमींची वही काढून बसले. डॉलर घसरला तर — बँकेशी दर आधीच बांधून ठेवलाय. जहाजाला काही झालं तर विमा. समोरचा बुडाला तर त्याचाही वेगळा विमा. फवारणीचे अंश — लॅबचा रिपोर्ट जोडलाय. ओल — तीन टक्क्यांच्या आत. पुन्हा पुन्हा वाचलं. काही राहिलं नाही. स्वतःवरच जाम खूश आहे आज!

२९ सप्टेंबर

मेल आला. पाकिटात पिवळी पूड सापडली. तपासली तर हळद. लेबलवर हळद नाही — अख्खा लॉट नाकारला. माल तिथंच जाळणार.

विम्यावाल्याला फोन केला. म्हणे, "मॅडम, जहाज बुडालं असतं तर दिलं असतं."

हळद. आमच्या युनिटमध्ये हळद आणतं कोण? एकच माणूस.

३० सप्टेंबर

आबांना बोलावून घेतलं. सगळ्यांसमोर विचारलं. अनिता भिंतीला टेकून उभी, नोकरी जाणार म्हणून रडून रडून डोळे सुजलेले. "आबा, तुम्ही आत भंडारा टाकलात?"

आबा माझ्या कपाळाकडं बघत राहिले. मग म्हणाले, "व्हय. म्याच टाकला."

मग मी काय काय बोलले! "देव देव करत धंदा बुडवला माझा! सांगितलं होतं ना बाहेरच थांबा म्हणून? खोटारडे! आता इथं पाऊल टाकायचं नाही." माझ्या तोंडून गेलं हे. बायका खाली बघत होत्या. आबांनी फक्त "पोरी, जेवून घे" म्हटलं आणि गेटबाहेर गेले.

जेवले नाही.

२ ऑक्टोबर

दसरा. न्हावऱ्याहून डाळिंबाचा टेम्पो घेऊन आमचा ड्रायव्हर दत्ता आला. आपट्याची दोन पानं पुढं केली. "आबांनी दिल्यात." घेतली. नुसती घेतली, फोन केला नाही. माज, दुसरं काय!

२४ ऑक्टोबर

दिवाळी कशीबशी काढली. आज राहवेना, न्हावऱ्याला गेले. घराला कुलूप! शेजारच्या साखरबाई भांडी घासता घासता म्हणाल्या, "गेलं की गं म्हाळूच्या मेंढरांसंगं, कोकनाच्या वाटंनं. तुला ठावं न्हाई व्हय?"

म्हाळूकाका म्हणजे आबांचा चुलतभाऊ, अजून कळप राखून आहे. पण आबा? बाहत्तर वर्षांचे! गुडघे धरून जिना चढणारा माणूस!

किल्ली साखरबाईंकडंच होती. आत फोन देवळीत ठेवलेला, बंद. आणि दोरीवर भंडाऱ्याची पिशवी. स्वच्छ धुतलेली. उलटी करून कोपरे न् कोपरे घासलेले. किती धुतली असेल! मी तिथंच खाली बसले आणि मोठ्यानं रडले. साखरबाई दारात येऊन उभ्या राहिल्या.

२७ ऑक्टोबर

कासुर्डीला हायवेच्या कडेला कळप बसलाय असं कळलं. गाडी पळवली. शेतात लेंड्या आणि तीन दगडांची चूल. राख गार. शेतमालक म्हणाला, "कालच उठलं. एक म्हातारं व्हतं, लई हळू चालत व्हतं." कुठं गेले विचारलं तर पश्चिमेकडं हात केला.

५ नोव्हेंबर

काही नाही. म्हाळूकाकांचा फोन लागत नाही.

११ नोव्हेंबर

रॉटरडॅमवाला परत एक छोटी ऑर्डर द्यायला तयार आहे. अट एकच — हळद नेमकी कशी गेली ते दाखवा, मग ती वाट कशी बंद केली ते लिहा. अनिता म्हणाली, पॅकिंगच्या दिवसाचं कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग तिनं प्रत्येक लॉटबरोबर जपून ठेवलंय. आधी का नाही बघितलं? कारण आबा "व्हय" म्हणाले होते. मग बघायचं काय! उद्या तेवढा तुकडा कापून पाठवायचा — आबा भंडारा टाकताना.

१२ नोव्हेंबर

तो तुकडा नाहीच.

आबा दाराबाहेर, चपला काढून. मी वाकते. ते माझं कपाळ भंडाऱ्यानं भरतात. मी तशीच आत पळते, टोपी हातातच. उघड्या पाकिटावर वाकून बाहीनं कपाळाचा घाम पुसते. दाराच्या काचेपलीकडं आबा उभे आहेत आणि माझ्याकडंच बघतायत.