शकुचं अक्षर

घाटकोपर,
९ फेब्रुवारी २०२५

प्रिय मनाली,

सप्रेम जय भीम. बंगळुरात ऊन वाढलं असेल. इकडे सगळं ठीक आहे, असं लिहायची रीत आहे म्हणून लिहितो. तुझ्या आईच्या अक्षरावरून तू केलेला फॉन्ट परवा जुहूला बर्फगोळेवाल्याच्या पाटीवर पाहिला. उड्या मारणारी अक्षरं, पतंगाच्या शेपटीसारखी वेलांटी, शेवटाकडे वर चढत गेलेली ओळ. झकास दिसत होता. तू म्हणाली होतीस, हा वाढदिवसाला, बाळगोष्टींना, लोणच्याच्या बरणीला शोभेल. जिथे कुणाचं काही बुडणार नाही, तिथेच वापरावा.

बिल्डरने तो आपल्या वस्तीत वापरला.

दिवाळीआधी घरोघर पत्रक आलं : 'शेजाऱ्यांनो, न घाबरता पुनर्विकासाला संमती द्या. आपण सगळे इथेच परत येणार.' खाली नाव नव्हतं. नाव कशाला हवं? पाण्याच्या वेळेपासून लग्नापर्यंत, विहाराच्या फळ्यावरची प्रत्येक सूचना तुझ्या आईच्या, शकुच्या हातची. लोकांना वाटलं, तिनेच लिहून छापून घेतलंय. धडाधड सह्या झाल्या. करारात 'इथेच' कुठेही नाही. घरं दहिसर नाक्याच्या पलीकडे, मुंबईच्या वेशीबाहेर मिळणार आहेत.

मी सभा घेतली. माझा आवाज तुला माहीत आहे. ओरडून सांगितलं, हे यंत्राने उमटवलंय, बाजारात विकत मिळतं! नलिनीमावशी उठली.

"अंबादासभाऊ, तुमची भाषणं जन्मभर ऐकली, टाळ्या वाजवल्या. सही मात्र शकुच्या अक्षरावर केली." मग आईकडे वळली. "तू लिहिलंस का गं? एवढंच सांग."

"हात माझा नाही. अक्षर माझंच आहे," शकु म्हणाली, आणि उठून गेली.

तेव्हापासून फळा कोरा आहे. वाण्याची यादीसुद्धा ती मला तोंडी सांगते.

मोर्चा काढीन, कोर्टात जाईन. वस्ती वाचेल असं मात्र मला वाटत नाही. हे मी अजून कुठल्याच सभेत बोललेलो नाही.

तुला मी दोष देत नाही. आईही देत नाही. ती तुझं नावच घेत नाही.

माझ्या प्रत्येक पत्राखाली तिच्या दोन ओळी असतात. आज पेन पुढे केलं. तिने टोपण लावून परत दिलं. तरी जागा सोडली आहे.

'घरी ये' असं लिहिणार होतो. पण कुठल्या पत्त्यावर बोलावू, बाळा?

तुझा,
शब्द संपलेला बाबा