सातच्या खाली

३ जानेवारी, सकाळ
लेकीच्या घरी आज अकरावा दिवस. जिन्यात एकदा चक्कर काय आली, उचलून इथे आणलं. माझ्या घराला कुलूप, किल्ली लेकीच्या पर्समध्ये. तिची अट: तीन महिन्यांची शुगर सातच्या खाली आली की किल्ली परत. सध्या आठ पूर्णांक एक दशांश. एवढंच ना! वजनमाप खात्यात तीस वर्षं दुकानदारांचे काटे सरळ केले, मग माझा काटा काय चीज आहे?

खोलीत ट्रेडमिल आहे. त्यावर कपडे वाळतात.

६ जानेवारी
मेडिकलवाला देवमाणूस. म्हणाला, उतारवयात शरीरातलं मॅग्नेशियम, झिंक, क्रोमियम कमी होतं, म्हणून साखर साचते. पटलं. चघळायच्या गोळ्या दिल्या, संत्र्याच्या. रोज दोन. चवीशी मला कर्तव्य नाही.
चालायला उद्यापासून. आज वारा आहे.

१९ जानेवारी
दोनाने काय होणार? तो डोस सरासरी माणसाचा. सहा केल्या.
जावई म्हणाले, बाबा, लेबल वाचलंत का? म्हटलं, जावईबापू, उभा जन्म लेबलं वाचण्यात गेला! चष्मा माझ्या घरी कुलपात अडकलाय, हे त्यांना सांगायचं कारण नाही.

११ फेब्रुवारी
बिस्किटांचा डबा माळ्यावर. स्टूल गॅलरीत. गॅलरीला कुलूप. कैद्यालासुद्धा सुटकेची तारीख माहीत असते हो! शेजाऱ्याचा फोन आला, माझ्या दारातल्या कुंड्या सुकल्या म्हणे. जीव तुटला. एप्रिलमध्ये येतोच म्हणालो.
गोळ्या दहा. खाल्ल्यावर मनाला उभारी येते. क्रोमियमचाच गुण.

२ मार्च
ट्रेडमिलवर चढलो. चार मिनिटं चाललो. मग लेक ओली चादर घेऊन आली, उतरलो. एकदम ताण बरा नाही.

३० मार्च
रक्त दिलं. दोन दिवस कडक उपास केलाय. बॅग भरून ठेवली. लेक बॅगेकडे बघून काही बोलली नाही. हरलेला माणूस गप्पच बसतो.

२ एप्रिल
नऊ पूर्णांक चार दशांश. लॅबवाल्यांनी घोळ घातला, नक्की कोणाचं तरी दुसऱ्याचं रक्त.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, उपासाने तीन महिने पुसले जात नाहीत. मग डबी मागितली आणि मोठ्याने वाचली. पहिला घटक साखर, दुसरा ग्लुकोज सिरप. एका गोळीत तीन ग्रॅम. जावई छताकडे बघत बसले. लेक रागावेल असं वाटलं होतं, तिचे डोळेच भरले. म्हणाली, तुम्हाला काही झालं तर मी बाबा कोणाला म्हणायचं?

५ एप्रिल, दुपार
ट्रेडमिल गेली. तिच्या जागी टेम्पोतून माझं कपाट आलं. खिडकी आणि भिंतीच्या मधे अगदी चपखल बसलं, बोटभरही फट नाही. तीस वर्षं मापं घेतलेला माणूस आहे मी. एवढं नेमकं माप अंदाजाने येत नाही, कोणीतरी आधीच घेऊन ठेवलं होतं.

किल्लीचा विषय कोणी काढला नाही. मीही नाही.

कपाटात चष्मा सापडला. लावला आणि रिकाम्या डबीचं लेबल वाचलं. अक्षरं चांगली ठसठशीत आहेत. चष्म्याशिवायही वाचता आली असती.